एका इमारतीची पाच नावे

काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला ९ मे २०१५ रोजी आग लागली, तेव्हा आत राहणारी माणसे सुखरूप बाहेर आली. मरण आले ते त्यांच्या मदतीला धावलेल्यांना. लाकडी सांगाड्याची ती इमारत जळत जळत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे संजय राणे व महेंद्र देसाई हे दोन अधिकारी ढिगाऱ्याखाली गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर गंभीररीत्या भाजले होते. पुढच्या पंधरवड्यात त्या दोघांचीही प्राणज्योत मालवली. शहराच्या अग्निशमन दलाने आपल्या प्रमुखासह चार अनुभवी अधिकारी एका आगीत गमवावेत, असे प्रसंग जगाच्या इतिहासात फार नाहीत.

या हुतात्म्यांना मानवंदना देण्यात मुंबईकर कमी पडले नाहीत. परंतु मानवंदनेनंतर विचारावयाचा एक प्रश्न आहे आणि तो आजही तितकाच ताजा आहे. त्या इमारतीविषयी मुंबई शहराला जे जे ठाऊक होते, त्यातले किती या चौघांच्या हाती आत शिरताना होते? शहराला ठाऊक होते म्हणजे एखाद्या खात्याच्या कपाटात, एखाद्या संगणकात, एखाद्या निरीक्षकाच्या शेऱ्यात नोंदलेले होते. इमारत किती वर्षांची, तुळया लाकडी की लोखंडी, शेवटची दुरुस्ती कधी झाली, खालच्या गाळ्यांत कोणता व्यवसाय चालतो, कोणत्या परवान्याने ज्वालाग्राही माल ठेवला जातो. काळबादेवी-भुलेश्वरच्या इमारती कशा असतात हे नेसरीकरांसारख्या अधिकाऱ्याला कोणी शिकवावयास नको. पण ‘अशा’ इमारतींचे ज्ञान वेगळे आणि ‘या’ इमारतीचे ज्ञान वेगळे. पहिले अनुभवाने येते. दुसरे नोंदीतून यावे लागते, आणि तेही बंब दाराशी पोचण्याच्या आत.

मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाच्या पोटात काय चालते हे मला कळते असा आव आणणार नाही. परंतु पत्रकार म्हणून महापालिकेच्या पायऱ्या अनेक वर्षे झिजवल्यावर एक गोष्ट मात्र कळून चुकली आहे. मुंबईत माहितीचा दुष्काळ नाही. माहिती उदंड आहे. तिला एकमेकींची ओळख नाही, एवढेच.

गिरगावातली एखादी चाळ घ्या. नगर भूमापनाच्या दफ्तरात ती गिरगाव डिव्हिजनचा अमुक सी. एस. क्रमांक आहे. मालमत्ता कराच्या खात्यात तिला वेगळा लांबलचक खाते क्रमांक आहे. म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाच्या लेखी ती उपकर क्रमांकाने ओळखली जाते. बेस्टच्या वीज विभागाला इमारत दिसतच नाही, दिसतात ते मीटर आणि ग्राहक क्रमांक. आणि पाचवे नाव लोकांच्या तोंडचे. तेच खरे चालते. रात्री दोन वाजता घाबऱ्या आवाजात वर्दी देणारा माणूस सी. एस. क्रमांक सांगत नाही. तो सांगतो, ‘अहो, फणसवाडीत, देवळाच्या मागची चाळ, दुसऱ्या जिन्याकडची.’ ही पाच नावे एकाच भिंतींची आहेत, हे सांगणारी एक वही शहरापाशी नसेल, तर उरलेल्या चार वह्या कितीही नेटक्या असल्या तरी त्या घटकेला त्यांचा उपयोग काय?

नावांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. परकीय सत्तेच्या खुणा पुसून आपल्या माणसांची नावे रस्त्यांना व स्थानकांना द्यावीत, या मताचा मी आहे. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे २०१८ साली प्रभादेवी झाले ते योग्यच झाले. परंतु गिरगाव रोड म्हणणारी पिढी अजून आहे, जगन्नाथ शंकरशेठ मार्ग म्हणणारा टपालखात्याचा पत्ता आहे, आणि लॅमिंग्टन रोडला डॉ. भडकमकर मार्ग म्हणणारा टॅक्सीवाला मला अजून भेटावयाचा आहे. नाव बदलणे हा अभिमानाचा भाग झाला. जुने व नवे नाव एकाच नोंदीत सांभाळणे हा व्यवस्थेचा भाग आहे, आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला या दुसऱ्याचीच गरज असते.

नोंदी एकमेकींना ओळखत नसल्या की काय होते, हे डोंगरीत दिसले. १६ जुलै २०१९ रोजी तेथील केसरबाई इमारतीचा एक भाग कोसळला. किमान १३ जण मृत्युमुखी पडले. गल्ली इतकी अरुंद की अवजड यंत्रे आत जाईनात. जवानांनी व रहिवाशांनी साखळी करून विटा-माती हातोहात बाहेर काढली. आणि ढिगारा उपसला जात असतानाच वाद सुरू झाला तो इमारत कोणाची याचा. म्हाडाने सांगितले, कोसळलेला २५/सी हा भाग आमच्या उपकरप्राप्त इमारतीचा नव्हे, ते अनधिकृत बांधकाम आहे. महापालिकेच्या दफ्तरात मात्र २०१७ सालीच ती सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करावयाची इमारत ठरली होती. एका कार्यालयाच्या लेखी जे धोकादायक ते दुसऱ्याच्या लेखी आपले नाहीच. एका क्रमांकापुढच्या ‘सी’ या अक्षराच्या दोन बाजूंना दोन सरकारी संस्था उभ्या, आणि मध्ये माणसे गाडलेली! दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा आपली धोकादायक इमारतींची यादी काढते, महापालिका आपली काढते. १९६९ साली उपकर योजनेत आल्या तेव्हा या इमारती १९,६४२ होत्या. आज त्यांतल्या १३-१४ हजार उरल्या आहेत आणि बहुतेक सर्व गिरगाव ते लालबाग-परळ-दादर या पट्ट्यात आहेत. दोन याद्या दोन पत्रकांत छापण्याऐवजी एका नकाशावर का मांडल्या जाऊ नयेत?

हा प्रश्न केवळ जुन्या मुंबईचा असता तर पुनर्विकासाने सुटला असता. तसे नाही. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांची कथा अधिक विचित्र आहे. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण गेले. अशा एका उपाहारगृहाला आरोग्य खाते परवाना देते, उत्पादन शुल्क खाते मद्याचा परवाना देते, अग्निशमन दल ना हरकत देते, बांधकामाकडे विभाग कार्यालय पाहते. चार डोळे पाहतात, पण ते एका चेहऱ्यावर नाहीत. त्यानंतर आठ महिन्यांनी, २२ ऑगस्ट २०१८ रोजी, हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली आणि चौघांचा मृत्यू झाला. त्या वेळी उघडकीस आले की, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नव्हते आणि आग विझवण्याची अंगभूत यंत्रणा निकामी होती. कुटुंबे मात्र वर्षानुवर्षे तेथे नांदत होती. करी रोडच्या ६० मजली अविघ्न पार्कमध्ये २२ ऑक्टोबर २०२१ रोजी एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. तेथला सुरक्षारक्षक कठड्याला लोंबकळत राहिला आणि हात सुटून पडला.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. त्यानुसार इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करावयाचे असते. म्हणजे कोणत्या मनोऱ्याचे पंप चालू आहेत आणि कोणी दोन वर्षे कागदच दिला नाही, हे दलाच्या कार्यालयाला समजू शकते. पण कार्यालयाला समजणे म्हणजे भायखळ्याहून किंवा दादरहून निघालेल्या गाडीतल्या अधिकाऱ्याला समजणे नव्हे. पंप बंद आहे हे त्याला तळमजल्यावर कळले तर तो पाणी वर नेण्याची दुसरी सोय वेळीच करू शकतो. एकोणिसाव्या मजल्यावर पोचून कोरड्या नळाला नळी जोडल्यावर कळले, तर गेलेली मिनिटे परत येत नाहीत.

मुंबईला हा धडा नवा नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकेही होती. अग्निशमन दलाकडे पहिली वर्दी गेली ती मात्र सर्वसाधारण आगीची. पोटात काय आहे ते त्या वर्दीबरोबर गेले नाही. दुपारी चारनंतर झालेल्या स्फोटांत ६६ अग्निशमन जवान धारातीर्थी पडले. देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह आपण त्यांच्याच स्मरणार्थ पाळतो. आगीची बातमी पोचली होती, आग कशाला लागली आहे याची बातमी मागे राहिली होती. सुमारे पाऊणशे वर्षांनंतर ११२ या एका क्रमांकावर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांची हाक एकत्र करण्याची योजना देशभर आली, हे स्वागतार्हच आहे. पण हाक एकत्र झाली म्हणून उत्तर एकत्र होत नाही.

आपल्याकडे असा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे हटकून भेटतात. एकाला वाटते, हे सारे पाश्चात्त्यांकडून उसने घ्यावे लागणार. दुसरा छाती फुगवून सांगतो, हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊक होते. दुसऱ्याला मी एवढेच विचारतो की, ठाऊक होते तर मग आपण काय केले? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरकाच्या कर्तव्यांचे प्रकरण आहे. दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांमागे एक ‘गोप’ असावा, त्याने घरातील माणसे, त्यांची नावे, व्यवसाय, उत्पन्न-खर्च यांची नोंद ठेवावी, त्याच्यावर शहराच्या चौथ्या भागाचा ‘स्थानिक’ असावा, असे तेथे सांगितले आहे. त्याच प्रकरणात आगीविषयीची तरतूद येते. घरोघर पाण्याचे घट, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, आकडा, कातडी पखाल ठेवावी, रस्त्यांवर व चौकांत हजारो जलकुंभ भरलेले असावेत, अग्नीवर काम करणाऱ्या कारागिरांची वस्ती एकत्र असावी, आणि जळत्या घराकडे न धावणाऱ्या घरमालकाला बारा पण दंड करावा. मला यात महत्त्वाचे वाटते ते घटांची संख्या नव्हे. कोणत्या घरात कोण राहतो याची वही आणि आगीच्या बंदोबस्ताची जबाबदारी ही दोन्ही एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली ठेवली आहेत, हे महत्त्वाचे. आपण मात्र त्यांची सात-आठ खात्यांत वाटणी करून टाकली.

पाश्चात्त्यांनी हे सहज साधले, असेही कोणी समजू नये. लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर १९३५ साली पाच स्त्रिया आगीत गेल्या आणि शेजारी दूरध्वनीवर ताटकळत राहिला, तेव्हा कोठे १९३७ मध्ये ९९९ हा क्रमांक आला. न्यूयॉर्कमध्ये १८ ऑगस्ट २००७ रोजी पाडकाम चालू असलेल्या डॉइश बँकेच्या इमारतीत दोन अग्निशमन जवान मरण पावले. पाणी वर नेणारा नळ तळघरातच तोडलेला होता, आणि दर पंधरा दिवसांनी व्हावयाची तपासणी झालेलीच नव्हती. त्यानंतर त्या शहराने बांधकाम खाते व अग्निशमन खाते यांच्या तपासण्यांची माहिती एकमेकांना देण्याची सक्ती केली. त्याच शहरात याहून जुनी आणि साधी अशी एक पद्धत आहे. जवान आपल्या हद्दीतील इमारती पाहून येतात आणि धोक्याच्या गोष्टी मोजक्या शब्दांत नोंदवतात. पुढे त्या पत्त्यावर वर्दी आली की तो मजकूर वर्दीबरोबरच गाडीत पोचतो. ‘मागचा जिना बंद’, ‘दुसरा मजला कमकुवत’ एवढाच! यासाठी हजार कोटींचा प्रकल्प लागत नाही.

प्रकल्पांचा अनुभव आपल्याला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताजमध्ये प्रथम शिरलेल्या नौदल कमांडोंच्या अधिकाऱ्याने नंतर पत्रकारांना सांगितले की, अतिरेक्यांना हॉटेलची अंतर्गत रचना चांगली माहीत असावी असे दिसत होते, आपल्या जवानांना मात्र ती अपरिचित होती. शत्रू समुद्रापलीकडून येतो आणि आपल्या वास्तूची रचना आपल्या सैनिकापेक्षा अधिक जाणतो, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही. त्या हल्ल्यानंतर शहरभर कॅमेरे बसवण्याचे ठरले. सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचा तो प्रकल्प पूर्णत्वाला गेला तो २०१६ च्या ऑक्टोबरात. जवळजवळ आठ वर्षे! कॅमेरे उपयुक्त ठरले यात शंका नाही. पण कॅमेरा रस्ता दाखवतो, भिंतीआडचा जिना दाखवीत नाही.

हे जमणारच नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी २०२० चे उदाहरण पुरेसे आहे. कोरोनाच्या पहिल्या लाटेत खाट मिळवण्यासाठी नातेवाईक केईएमपासून नायरपर्यंत वणवण फिरत होते. मग महापालिकेने चोवीस विभागांत वॉर रूम उघडल्या. प्रयोगशाळांचे अहवाल आधी पालिकेकडे, सरकारी व खासगी रुग्णालयांतील रिकाम्या खाटांची गणती एका पडद्यावर, आणि रुग्णाला दूरध्वनी पालिकेकडून. काही आठवड्यांत, तीच खाती, तेच कर्मचारी आणि बहुधा तेच जुने संगणक घेऊन हे झाले. साथ ओसरली आणि ती व्यवस्था गुंडाळली गेली. लालबाग-परळच्या कार्यकर्त्यांना आणखी जवळचे उदाहरण देता येईल. गणेशोत्सवाच्या मंडपाची परवानगी आज एक खिडकी पद्धतीने मिळते. महापालिका, स्थानिक पोलीस आणि वाहतूक पोलीस यांची संमती एकाच अर्जावर येते. दहा दिवसांच्या मंडपाविषयी तीन यंत्रणा एकमेकींशी बोलू शकतात, तर शंभर वर्षांच्या चाळीविषयी का नाही?

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. सर्व माहिती एकत्र केली की ती कोणाकोणाच्या हाती पडेल? हा आक्षेप केवळ शंकेखोरांचा नाही. कौटिल्याचा गोप आगीसाठी नोंद ठेवीत होता तसाच हेरगिरीसाठीही ठेवीत होता. अतिथी कोण आला, कोण रात्री बाहेर गेला, हेही त्याला कळवावे लागे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा केंद्रीय कायदा आपत्तीत किंवा प्राणसंकटात माहिती वापरण्याची मुभा देतो. पण प्रसंगी वापरणे वेगळे आणि कायम साठवून ठेवणे वेगळे. माझे मत स्पष्ट आहे. आरंभ इमारतींच्या माहितीपासून करावा, माणसांच्या नव्हे. तुळई, जिना, गच्चीचे दार, विजेचा मुख्य खटका, गॅसची कळ, पाण्याची टाकी यांना खासगी आयुष्य नसते.

तरीही एक अपवाद मनाला छळतो. गिरगाव चौपाटीलगतच्या एका जुन्या चारमजली इमारतीत डिसेंबर २०२३ मध्ये आग लागली. लाकडी जिना पेटला. अनेकांना जवानांनी सुखरूप खाली आणले. एक वृद्ध माता आणि तिला सोडून न गेलेला तिचा साठीचा मुलगा मात्र गेले. आज गिरगाव-दादरच्या चाळींत तरुण बोरिवली-डोंबिवलीला किंवा परदेशी गेले आहेत आणि मागे आई-वडील राहिले आहेत. तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, हे जवानाला खालीच कळणे याची किंमत किती, हे अशा घरातील माणसालाच विचारावे. त्यामुळे ज्या कुटुंबाची इच्छा असेल त्याने स्वतः होऊन एवढीच एक ओळ नोंदवावी, आजाराचे नाव न देता, आणि हवी तेव्हा काढूनही घ्यावी. सक्ती नको, आणि ही वही मतदारयादी घेऊन हिंडणाऱ्या कोणाही पक्षाच्या हाती पडता कामा नये. यात मी आपला-परका भेद करीत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि मला तो अधिक कठीण वाटतो. नोंद शिळी होते. आज मोकळा असलेला मागचा जिना उद्या कोणी पोटमाळा घालून बंद करतो. चुकीची नोंद ही नोंद नसण्याहून घातक. जवान बंद जिन्याकडे धाव घेईल. त्यामुळे प्रत्येक ओळीपुढे ती कोणी व कोणत्या दिवशी पाहिली हे असलेच पाहिजे, आणि वर्षाहून जुनी ओळ पडद्यावर वेगळ्या रंगात दिसली पाहिजे. ही पाहणी करावयाची कोणी? कायद्याने व शास्त्राने ती अग्निशमन केंद्राचीच. परंतु मनुष्यबळाची ओढाताण पाहता वस्तीतली माणसे मदतीला हवीत. चाळ समितीचा चिटणीस, मंडळाचा कार्यकर्ता, निवृत्त बेस्ट कर्मचारी, शाखेवर येणारा महाविद्यालयीन तरुण यांपैकी कोणीही केंद्र अधिकाऱ्यासोबत रविवारी दोन तास हिंडू शकतो. आपत्ती कोसळल्यावर ढिगारे उपसण्यात, रक्तदानात, अन्नछत्रात आपली माणसे नेहमीच पुढे असतात. भूकंपापासून महापुरापर्यंत त्याचे दाखले आहेत. आपत्तीआधीच्या या नीरस कामाला मात्र ना छायाचित्र मिळते ना सत्कार, त्यामुळे ते राहून जाते.

काळबादेवी ज्यात येते तो सी विभाग आणि परळ-लालबागचा एफ दक्षिण, एवढे दोनच विभाग प्रथम घ्यावेत. म्हाडाची उपकर यादी, महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी, मालमत्ता कराची नोंद, बेस्टच्या रोहित्रांची व मुख्य खटक्यांची ठिकाणे, महानगर गॅसच्या कळा, जल अभियंत्याकडील चालू हायड्रंट, आणि दलाकडे आलेले ‘नमुना ब’ एका सी. एस. क्रमांकाखाली आणावेत, व त्याला लोकांच्या तोंडचे नाव जोडावे. मग वर्दी आल्यावर गाडीतल्या पडद्यावर एवढेच उमटेल : तळ अधिक चार, लाकडी सांगाडा, सी-२. गल्ली नऊ फूट, मोठी गाडी नाक्यावर थांबवावी. मागचा जिना तिसऱ्या मजल्यापर्यंतच. तळमजल्यावर सोन्याचांदीचे कारखाने, सिलिंडर आहेत. विजेचा खटका डाव्या हाताला, जिन्याखाली. पाहणी झाल्याचा दिनांक. आणि खाली, पाहून आलेल्या अधिकाऱ्याचे नाव.